गल्ली वळली की गन मरते: कुंडईतल्या एका पेय-गोदामाचे वायफाय

"गल्ली वळली की गन मरते." फोर्कलिफ्ट चालकांची तक्रार एवढीच होती. पुढे सापडलेले जवळजवळ सगळे दोष या एका वाक्यात आधीच सांगितलेले होते, फक्त ते कोणी नीट ऐकले नव्हते. गन म्हणजे बारकोड वाचणारा हातातला अँड्रॉइड स्कॅनर. तो एका जागी उभा असताना कधीच बिघडत नव्हता. तंत्रज्ञ येऊन गल्लीच्या मध्यावर उभा राहायचा, स्पीड टेस्ट करायचा, आकडा चांगला यायचा आणि तक्रार बंद व्हायची.

हे गोदाम नमुन्याचे आहे. त्याची मापे, मोजलेले आकडे आणि घटनाक्रम अशा गोदामांत वारंवार भेटणाऱ्या दोषांवरून अभ्यासासाठी बांधले आहेत. रेडिओचे गणित, मानके आणि उपकरणांच्या मर्यादा मात्र जशाच्या तशा आहेत.

जागा आणि माल

फोंडा तालुक्यातली कुंडई औद्योगिक वसाहत. ६० बाय ४० मीटरचे गोदाम, कडेची उंची ९ मीटर. खाली ३ मीटरपर्यंत जांभ्या दगडाची भिंत, वर पत्रा. आत ३ मीटर रुंद आणि ३२ मीटर लांब अशा दहा गल्ल्या, दोन्ही बाजूंना ७ मीटर उंचीचे लोखंडी रॅक. पुढे डॉककडची आडवी वाट, मागे भिंतीलगत दुसरी आडवी वाट. पहिल्या सहा गल्ल्यांत पाणी, सोडा, ज्यूस आणि बिअर. उरलेल्या चारांत वेफर्स, कागदी कप, स्ट्रॉ आणि रिकामे क्रेट. चौदा गन आणि फोर्कलिफ्टवर बसवलेले चार टर्मिनल. साठ्याचा हिशेब ठेवणारा सर्व्हर गोदामातल्याच ऑफिसात आहे, पण वायफायची ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर क्लाउडवर.

छताच्या लोखंडी कैचीला वायफाय पसरवणारे सहा डबे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट टांगलेले होते. आत अँटेना असलेले, चौफेर फेकणारे, ऑफिसच्या तीन मीटर उंचीच्या छतासाठी बनवलेले. चॅनेल ८० मेगाहर्ट्झ रुंद, चॅनेल कोणता हे यंत्राने स्वतः ठरवायचे, आणि पाच वेगवेगळी नेटवर्क-नावे: गन, ऑफिस, पाहुणे, कॅमेरे, प्रिंटर.

सिग्नलची पहिली पाहणी ऑगस्टमध्ये झाली होती. गोव्यात कोणालाही विचारा, पावसात पेयांचे गोदाम कसे असते: रॅक अर्धे रिकामे. तक्रारी सुरू झाल्या नोव्हेंबरमध्ये, हंगामाचा माल वरच्या कप्प्यापर्यंत चढल्यावर. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चालक गल्लीच्या तोंडाशी फोर्कलिफ्ट थांबवून गन डोक्याच्या वर धरायचे, पडद्यावरचे फिरते वर्तुळ बघत. पाच-सात सेकंदांनी वर्तुळ थांबायचे आणि लॉगिनचे पान समोर यायचे. हातमोजा काढा, पासवर्ड टाका, अर्धवट राहिलेले पॅलेट पुन्हा स्कॅन करा. एका पाळीत हे वीस-पंचवीस वेळा झाले की माणूस स्कॅन करणेच सोडून देतो, कागदावर लिहून ठेवतो आणि संध्याकाळी एकदम भरतो. साठ्याचा ताळमेळ बिघडला तो इथे.

आधी जो उपाय झाला, त्याने दुखणे वाढले

सिग्नल कमी पडतो असे धरून दोन अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवले गेले आणि सगळ्यांची पॉवर २३ डीबीएमवर (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचे माप) पक्की केली. गनच्या पडद्यावर सगळीकडे पूर्ण दांड्या दिसू लागल्या, आणि गन पूर्वीपेक्षा जास्त वेळा अडकू लागल्या.

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे वायफायमध्ये गन ठरवते. नेटवर्क सुचवू शकते, याद्या देऊ शकते, पण निर्णय हातातल्या उपकरणाचा. मोबाइलच्या टॉवरचे उलट आहे. तिथे चालू कॉल दुसऱ्या टॉवरकडे द्यायचा हुकूम नेटवर्क देते. वायफायवर काम करणारे बरेच जण मनात टॉवरचेच चित्र धरून बसतात आणि मग छतावरच्या डब्यांवर पैसा ओततात.

आता आकडे बघा. अ‍ॅक्सेस पॉइंट २३ डीबीएमने बोलतो. गनची बॅटरी लहान, ती बोलते १४ डीबीएमने. दोघांमधली वाट एकच, त्यामुळे वाटेतली घटही तितकीच, समजा ८९ डेसिबल. गनला अ‍ॅक्सेस पॉइंट उणे ६६ वर ऐकू येतो. (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जास्त.) तिच्या दृष्टीने सगळे ठीक, हलायचे कारण नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटला मात्र गन ऐकू येते उणे ७५ वर. फ्रेम, म्हणजे हवेतली डेटाची पाकिटे, हरवतात, पुन्हा पाठवाव्या लागतात, वेग घसरत जातो, आणि गन त्याच दूरच्या डब्याला चिकटून राहते. जवळचा डबा चार मीटरवर असला तरी. पॉवर वाढवून हे चिकटणे पक्के केले गेले होते.

सुपरवायझरचा आयफोन त्याच वाटेने व्यवस्थित चालत होता, आणि त्यामुळे दोष गनचाच असा समज झाला. अ‍ॅपलने आपला नियम जाहीर केला आहे: आयफोन उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की शोध सुरू करतो, आणि डेटा चालू असेल तर ८ डेसिबलने सरस, नसेल तर १२ डेसिबलने सरस असा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट मिळाला तरच उडी मारतो. प्रत्येक बनावटीच्या गनचा नियम निराळा. एका उपकरणाची चाचणी दुसऱ्याला लागू होत नाही. ज्या गनवर काम चालते, तीच हातात घेऊन चालावे लागते. आणि फोनवर बघितलेली वेबपाने दोन सेकंद अडकली तरी जाणवत नाहीत, हेही आहेच.

मोजणी

सगळ्यात आधी घड्याळे. गन, अ‍ॅक्सेस पॉइंट, स्विच आणि सर्व्हर यांची वेळ घड्याळे जुळवणाऱ्या एकाच एनटीपी सर्व्हरवरून लावली. हे केले नाही तर चार ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवता येत नाहीत.

मग गनवरून दोन पिंग (उत्तर येते का हे बघणारी छोटी हाक) एकाच वेळी, दर १०० मिलिसेकंदांना एक: एक साठ्याच्या सर्व्हरला, दुसरा नेटवर्कच्या बाहेरच्या दाराला, म्हणजे गेटवेला. दोन्ही एकदम थांबले तर दोष बहुधा हवेतला. एकच थांबला तर तारेच्या बाजूला बघायचे. सोबत गनच्या नोंदवहीतून वेळ, जोडलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा पत्ता आणि सिग्नलची ताकद उतरवली. हवेतली पाकिटे पकडण्यासाठी लॅपटॉपला तीन यूएसबी अ‍ॅडॉप्टर, प्रत्येक एका चॅनेलवर खिळवलेला. एकाच अ‍ॅडॉप्टरने उडी पकडता येत नाही, कारण गन नेमकी चॅनेल बदलते आणि अर्धी गोष्ट दुसरीकडे घडते.

गन चालकाच्या हाताच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.२ मीटरवर धरून, फोर्कलिफ्टच्या नेहमीच्या वेगाने फेऱ्या झाल्या. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. हा आकडा लक्षात ठेवावा. तीन सेकंदांत फोर्कलिफ्ट आठ मीटर जाते, म्हणजे गल्लीतून बाहेर येऊन आडव्या वाटेवर वळून पुढच्या गल्लीच्या तोंडापाशी पोचते.

तिसऱ्या गल्लीतून डाव्या वळणावरची एक खोळंबलेली उडी उलगडली तेव्हा ६.९ सेकंद असे विभागले गेले होते: खराब सिग्नलवर चिकटून राहण्यात ३.१, नवा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधण्यात २.५, ओळख पटवण्यात ०.९, आणि आयपी पत्ता पुन्हा मागण्यात ०.४. चार वेगळे दोष, चार वेगळे उपाय. "वायफाय स्लो आहे" असे म्हटले की हे चारही एका गाठोड्यात बांधले जातात आणि मग कोणताच सुटत नाही.

शोधाचे अडीच सेकंद कुठे गेले ते सांगण्यासारखे आहे. भारतात २०१८च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला झाला. चांगलीच गोष्ट, पण गनसाठी त्याचा अर्थ शोधायला २० मेगाहर्ट्झचे सुमारे २५ चॅनेल. त्यातले १६, म्हणजे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, रडारशी वाटून घेतलेले. या चॅनेलांवर गन आपणहून हाक मारत नाही, गप्प राहून ऐकते. अ‍ॅक्सेस पॉइंट आपली ओळख सांगणारा बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांना पाठवतो, म्हणून प्रत्येक चॅनेलवर निदान ११० मिलिसेकंद थांबावे लागते. सोळा चॅनेलांचे झाले पावणेदोन सेकंद. उरलेल्या नवांवर हाक मारून उत्तर घ्यायला प्रत्येकी चाळीसेक मिलिसेकंद, आणि वर २.४ गिगाहर्ट्झचे तेरा चॅनेल. बेरीज अडीच सेकंदांवर जाते. एवढ्या वेळात फोर्कलिफ्ट सात मीटर पुढे.

रडारच्या चॅनेलांचा दुसरा त्रास नोंदींत सापडला. रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो, अर्धा तास परत वापरता येत नाही, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे तर आधी निदान एक मिनिट गप्प राहून ऐकावे लागते. चाहूल खरी की खोटी याने फरक पडत नाही. ते एक मिनिट त्या डब्याखालच्या सगळ्या गन उघड्यावर पडतात. फिरत्या उपकरणांच्या नेटवर्कमध्ये हे चॅनेल घेऊच नयेत, जोवर बाकीचे पुरतात तोवर.

एक साधी चूक, जी रेडिओत कधीच दिसली नसती

आयपी पत्ता पुन्हा मागण्याचे ०.४ सेकंद हे सरासरीत लहान दिसतात. पण काही उड्यांनंतर लॉगिनचे पान हमखास येत होते, काहींनंतर अजिबात नाही, आणि दोन्हीकडे खोळंबा सारखाच. नोंदी लावून बघितल्यावर दिसले की लॉगिन उडते ते नव्याने बसवलेल्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटवर जाता-येताना.

त्या दोघांच्या तारा स्विचच्या ज्या पोर्टमध्ये खोचल्या होत्या, ते पोर्ट ऑफिसच्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच स्विचवरच्या ऑफिसच्या वेगळ्या नेटवर्कवर होते. गन तिथे गेली की तिला ऑफिसच्या मालिकेतला नवा पत्ता मिळायचा. सर्व्हरशी चाललेले टीसीपीचे संभाषण दोन्ही टोकांच्या पत्त्यांवर उभे असते. एक टोक बदलले की ते संभाषण मेले, सिग्नल कितीही उत्तम असो. दुरुस्ती पाच मिनिटांची: दोन्ही पोर्ट ट्रंक केले, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन जातील असे केले, आणि गनचा व्हीलॅन त्यावर दिला. नवा डबा बसवताना तो नुसता "चालतो का" हे बघू नये. जुन्या डब्यावरून नव्यावर चालत जाऊन पत्ता तोच राहतो का, हे बघावे.

पाण्याची भिंत

५ गिगाहर्ट्झची लहर शुद्ध पाण्यातून जाताना दर सेंटीमीटरला नऊ-दहा डेसिबल गमावते. एका लिटरची बाटली सात-आठ सेंटीमीटर जाड. म्हणजे लहर बाटलीतून जात नाहीच. क्रेटच्या फटींतून आणि पत्र्यावर आपटून जे काही पोचेल तेवढेच. ऑगस्टमध्ये रिकाम्या रॅकमधून आरपार दिसणारा अ‍ॅक्सेस पॉइंट डिसेंबरमध्ये बिअरच्या दोन रांगांमागे गडप होतो.

छतावरून तरी दिसेल, असे वाटते. मोजून बघू. कैची रॅकच्या बरोबर वर आली होती म्हणून डबे रॅकवर टांगले, जमिनीपासून ८.५ मीटरवर. दोन पाठमोऱ्या रॅकची मिळून रुंदी २.४ मीटर, म्हणजे मध्यापासून कड १.२ मीटर. गल्लीची पलीकडची बाजू ४.२ मीटरवर, गन १.२ मीटर उंचीवर. डब्यापासून तिथपर्यंत सरळ रेषा ओढली तर रॅकच्या कडेपाशी ती ६.४ मीटर उंचीवर येते. रॅक ७ मीटरचा. रेषा सगळ्यात वरच्या पॅलेटमधून जाते, आणि हंगामात तिथे पाण्याच्या बाटल्या असतात. गल्लीतल्या सगळ्यात सोयीच्या जागेचे हे गणित. रॅकला चिकटून चालणाऱ्या गनचे याहून वाईट.

शिवाय वळणावर बदल अचानक होतो. मोकळ्या मैदानात सिग्नल हळूहळू उतरतो आणि गनला विचार करायला वेळ मिळतो. इथे फोर्कलिफ्टचे नाक कोपऱ्याबाहेर आले की अर्ध्या सेकंदात वीसेक डेसिबलची पायरी. गनला निर्णय घ्यायला जी वेळ लागते, तेवढी जागाच मांडणीत ठेवलेली नव्हती. सगळ्या दुरुस्तीचा गाभा इथे आहे: उडी कोणत्या चौरस मीटरवर व्हायला हवी हे आधी ठरवायचे, आणि त्या ठिकाणी गनला दोन अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच वेळी, पुरेसा वेळ, स्वच्छ ऐकू येतील अशी मांडणी करायची.

नवी मांडणी

गल्लीच्या आत एकही उडी होऊ नये, सगळ्या आडव्या वाटेवर व्हाव्यात, असे ठरले.

बाटल्यांच्या सहा गल्ल्यांना प्रत्येकी एक अ‍ॅक्सेस पॉइंट दिला. मागच्या भिंतीवर, गल्लीच्या तोंडासमोर, ४.५ मीटर उंचीवर, ८ डीबीआयचा (एका दिशेला ८ डेसिबलने जोर देणारा) दिशादर्शक पॅच अँटेना गल्लीत तोंड करून, थोडा खाली झुकवून. कोरड्या मालाच्या चार गल्ल्यांना दोनच पुरले. वेफर्सच्या खोक्यांतून लहर सहज जाते. डॉककडच्या आडव्या वाटेवर तीन, चौफेर अँटेनाचे, पाच मीटर उंचीवर. आधीचे आठ डबे होते, नव्या मांडणीत लागले अकरा. त्यातही आतल्या अँटेनाचे जुने डबे आडव्या वाटेवर आणि ऑफिसात वापरले. गल्ल्यांसाठी बाहेरचा अँटेना जोडता येणारे घ्यावे लागले, आणि खर्च मुख्यतः त्याचाच.

एका अ‍ॅक्सेस पॉइंटच्या चार अँटेना-जोडण्या दोन गल्ल्यांत वाटून पैसे वाचवण्याचा मोह होतो. तो आवरावा. चारही अँटेनांना एकच जागा दिसते असे धरून तो रेडिओ काम करतो. वाटून दिले की दोन्ही गल्ल्यांत अर्धवट.

पॉवर किती? मोकळ्या जागेत ५.२ गिगाहर्ट्झवर ३६ मीटरला घट होते ७८ डेसिबल. पॉवर ११ डीबीएम, अँटेना ८, वजा ७८: गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उणे ५९. मध्ये चालकाचे अंग आणि फोर्कलिफ्टचा उभा सांगाडा (मास्ट) आला तरी उणे ६७ च्या वर राहायला पुरेसे. गन १४ डीबीएमने बोलते, म्हणजे उलट दिशेचे पारडे किंचित जडच. दोघांना एकमेकांचे सारखे ऐकू येते. २३ वरून ११ वर आणल्याचे ऐकून डॉकवरच्यांना धक्का बसला होता, पण फिरत्या उपकरणांच्या नेटवर्कात पॉवर कमी करणे ही बहुतेक वेळा पहिली दुरुस्ती असते.

चॅनेल २० मेगाहर्ट्झचे, आठच: ३६, ४०, ४४, ४८, १४९, १५३, १५७, १६१. अकरा डब्यांना आठ चॅनेल म्हणजे तीन पुन्हा वापरावे लागतात. ते पहिल्या आणि सहाव्या गल्लीसारख्या दूरच्या जोड्यांना दिले. मध्ये बाटल्यांची रांगच्या रांग उभी. जी भिंत त्रास देत होती, तीच इथे दोन सारख्या चॅनेलांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. स्कॅनच्या पाकिटांना ८० मेगाहर्ट्झची गरजच नव्हती. सगळ्यात कमी वेग १२ मेगाबिट केला, म्हणजे दूरच्या डब्याला रखडत चिकटून राहायची सोय गेली. पाच नेटवर्क-नावांची गोदामाच्या बाजूला दोन झाली. २.४ गिगाहर्ट्झ फक्त प्रिंटरांसाठी उरले.

गनच्या आत

हा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो, कारण छतावरचे काम एकाचे आणि गनचे काम दुसऱ्याचे. व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून चौदाही गनवर एकच प्रोफाइल उतरवले: पट्टा फक्त ५ गिगाहर्ट्झ, चॅनेलांची यादी वरचे आठच, उणे ६५ ला शोध सुरू, ८ डेसिबलचा फरक दिसला की उडी. आठ चॅनेल गुणिले चाळीस मिलिसेकंद, म्हणजे शोध अडीच सेकंदांवरून जवळजवळ आठव्या हिश्श्यावर, सुमारे ०.३ सेकंदांवर. एवढ्या एका बदलाने चालकांचा चेहरा पालटला. पैसा एकही लागला नाही.

अँड्रॉइड १० पासून उपकरणाचा हार्डवेअर (मॅक) पत्ता बदलून दाखवायची सोय मुळातच चालू असते. ती या नेटवर्कपुरती बंद केली, नाहीतर नोंदवहीत कोणती गन कुठे होती हे शोधता येत नाही. इंटरनेट आहे की नाही हे तपासण्याची अँड्रॉइडची सवयही आवरावी लागली. साठ्याचा सर्व्हर गोदामातच आहे. पावसाळी वाऱ्यात खांबावरची फायबर तुटली म्हणून गनने चांगले चाललेले वायफाय नापसंत करायचे कारण नाही.

ओळख पटवण्याचे ०.९ सेकंद हे क्लाउडवरच्या रेडियसशी होणाऱ्या दहा-बारा फेऱ्यांचे. फायबर जाऊन ४जी राउटरवर आले की ते दुप्पट. इथे ८०२.११आर हे मानक कामाला येते, २००८ चे. पहिल्यांदा पूर्ण ओळख एकदाच होते; पुढच्या डब्यांसाठीच्या किल्ल्या त्याच ओळखीतून काढून ठेवल्या जातात, आणि उडीच्या वेळी फक्त चार फ्रेमची देवाणघेवाण पुरते. क्लाउडला विचारावे लागत नाही. अट एक: सगळ्या डब्यांवर मोबिलिटी डोमेनचा, म्हणजे आपसांत अशी उडी चालणाऱ्या डब्यांच्या गटाचा, दोन बाइटचा क्रमांक एकच हवा. दोन डब्यांवर तो निराळा राहिला होता, आणि तिथे जुनाच खोळंबा पुन्हा दिसला तेव्हा कळले.

सावधगिरी: जुन्या लेबल प्रिंटरांना ८०२.११आरची जाहिरात करणारे नेटवर्क समजत नाही आणि ते जोडलेच जात नाहीत. म्हणून प्रिंटरांचे नाव वेगळे. ८०२.११के चालू केले, त्याने गनला शेजारच्या डब्यांची यादी मिळते. ८०२.११व्ही, म्हणजे नेटवर्ककडून उडी सुचवणारे मानक, फक्त सूचनेपुरते. भार वाटणे, पट्टा बदलायला भाग पाडणे आणि कमजोर सिग्नलच्या उपकरणाला हाकलून देणे या तिन्ही सोयी बंद. हाकललेली गन कुठे जायचे हे ठरवलेले नसताना रस्त्यावर येते आणि शून्यापासून शोध सुरू करते; चिकटण्यावर हा उपाय म्हणून सांगितला जातो, पण चालत्या फोर्कलिफ्टवर तो दुखण्याहून वाईट.

चार फोर्कलिफ्टपैकी दोघांचे अँटेना चालकाच्या पिंजऱ्याच्या आत, लोखंडी पट्ट्यांमागे होते. ते छताच्या जाळीवर, उघड्यावर आणले. एकाच्या कनेक्टरचा पिन हिरवट पडलेला सापडला. खाऱ्या दमट हवेत हे होतच राहणार, म्हणून बाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप. डॉकवरच्या नेटवर्कच्या तारेचेही तेच: ओलाव्याने एक जोडी खराब झाली की स्विचचा पोर्ट १००० वरून १०० मेगाबिटवर येतो, आणि मग तिथला डबा मधूनच बंद होऊन चालू होतो. स्विचच्या नोंदीत हे आठवडाभर आधी दिसते, बघणारा हवा.

सॉफ्टवेअरकडे शेवटचा बदल. साठ्याचे अ‍ॅप तीन सेकंद उत्तर आले नाही की सत्र मोडायचे. ते तीस केले, आणि पाठवायचे राहिलेले स्कॅन गनमध्येच रांगेत ठेवायला लावले. नेटवर्क कितीही चांगले केले तरी फिरत्या रेडिओत क्षणभराचा खंड येणारच. तो पेलणे अ‍ॅपचे काम आहे.

तपासणी

बदल एकेक करून झाले, प्रत्येकानंतर तोच फेरा: दहाही गल्ल्या, दोन्ही टोकांची वळणे, चारही दिशा, भरलेल्या रॅकमध्ये, पाळी चालू असताना. शेवटच्या फेरीत बहुतेक उड्या ४० ते ८० मिलिसेकंदांत झाल्या, म्हणजे पिंगच्या दोन ठोक्यांच्या आत. सगळ्यात वाईट खंड तिसऱ्या गल्लीच्या मागच्या टोकाला, तीन पिंगचा. तिथे दुसऱ्या आणि चौथ्या गल्लीचे अँटेना मागच्या वाटेवर फारसे सांडत नाहीत, कारण पॅच अँटेनाच्या बाजूला फारच कमी जाते. तिसऱ्या गल्लीचा अँटेना थोडा तिरका केल्यावर खंड एका पिंगवर आला.

गोदामाच्या बाहेर मात्र काम अपुरे आहे. डॉकला लागलेल्या ट्रकचा हौदा म्हणजे लोखंडाची पेटी. सिग्नल मागच्या दारातूनच शिरतो. डॉकच्या छज्जाखाली ट्रकच्या दाराकडे बघणारा एक पॅच अँटेना लावल्यावर उघड्या दिवसांत गन हौद्यात शेवटपर्यंत चालते. पावसात शटर अर्धे खाली येते, ताडपत्री ओढली जाते, आणि आत-बाहेर करणाऱ्या गनला दोन डबे एकत्र ऐकू येण्याची जागा दीड मीटर उरते. जूनच्या आधी शटरच्या चौकटीवर, आतबाहेर दोन्हीकडे दिसेल असा बारावा डबा लावायचा आहे, चॅनेल १६५ वर. तो नववा चॅनेल त्यासाठीच राखून ठेवला आहे. गनच्या यादीत तो त्याच दिवशी टाकायचा, आधी नाही.